चुंबक लावून पाहिलेलं स्टील

बहरीनला माणसं नोकरीसाठी जातात, नोकरी करणाऱ्या नातेवाइकांकडे जातात, नाहीतर दुसरीकडे जाताना विमान बदलायला उतरतात. मी तिथे पाच दिवस राहिले. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, काय काय पाहिलंस, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून आता सावकाश लिहून काढते आहे.

मी पुण्यात एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. घरी मी एकटी. आयुष्यात चार लोकांना सांगावं असं माझं एकच काम आहे. ते थोडं समजावून सांगते, कारण त्याशिवाय या प्रवासाला अर्थ नाही.

काही धातू भयंकर थंड केले की त्यांतून वीज जराही अडथळा न होता वाहते. त्यांना अतिवाहक म्हणतात. त्यांच्यात इलेक्ट्रॉन जोडीजोडीने चालतात, आणि अशा धातूचं चुंबकत्वाशी हाडवैर असतं, तो चुंबकत्वाला दारातूनच परत पाठवतो. पण सगळे असे शहाण्यासारखे वागत नाहीत. बिस्मथसारखे जड अणू असलेला एक स्फटिक आम्ही केला होता. वारा पडलेल्या दिवशी स्कूटर काढली की तोंडावर वारा येतो ना, तसंच काहीसं जड अणूजवळून सुसाट धावणाऱ्या इलेक्ट्रॉनचं होतं. तिथे असतं नुसतं विजेचं क्षेत्र, पण धावणाऱ्याला त्यात चुंबकही जाणवू लागतो. हा विशेष सापेक्षतेचा खेळ. त्यातून स्फटिकाची ठेवण एका बाजूला कललेली असेल तर त्या जोड्यांचा स्वभावच बदलतो. आमचा स्फटिक अतिवाहक होताक्षणी त्याच्यात इवलंसं, स्वतःचं चुंबकत्व उगवताना आम्हाला दिसलं. वैऱ्याच्या घरात वैरी जन्माला यावा, असं. माझी पीएचडी त्यावर झाली, आणि पुढची सगळी वर्षंही त्यावरच गेली.

आम्ही म्हणजे मी आणि नजीर. नजीर श्रीवर्धनचा. प्रयोगशाळेत आम्ही बरोबर लागलो. स्फटिक वाढवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. चौथ्या वर्षी त्याचे वडील अंथरुणाला खिळले आणि तो शिक्षण सोडून बहरीनला गेला. त्याचे स्फटिक माझ्याकडे राहिले. प्रबंधात आभाराच्या दोन ओळी मी त्याच्या नावे लिहिल्या. तेव्हापासून आमचा पत्रव्यवहार होता. नवं मोजमाप झालं की मी त्याला ग्राफ पाठवायची, तो दोन ओळी लिहायचा.

या वर्षी बहरीनच्या एका विद्यापीठात तीन दिवसांची कार्यशाळा होती आणि मला भाषणाला बोलावलं होतं. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेची माणसं येणार होती. माझं म्हणणं त्यांना पटलं तर ती मंडळी आमचा स्फटिक घेऊन जाणार, नीट तपासणार. नाही पटलं तर मी निवृत्त होणार आणि स्फटिक कपाटात जाणार. इतकं सगळं त्या एका भाषणावर होतं.

विमानतळ

सामानात मी प्लॅस्टिकची एक डबी नेली होती. तिच्यात सहा स्फटिक, प्रत्येक तिळाएवढा, आणि मोजमाप करताना स्फटिक ज्यात धरायचा ती स्टीलची छोटी चिमटी. ही चिमटी नजीरने केलेली. बाहेरून मागवायची तर तेव्हा आमच्या सरांकडे पैसे नव्हते. तेव्हा त्याने बोहरी आळीतून स्टीलची पातळ पट्टी आणली, घरी बायका भांडं घेताना करतात तसा चुंबक लावून पाहिला, चिकटला नाही, म्हणजे स्टील चांगलं. मग पक्कडीने वाकवून चिमटी केली. इतकी वर्षं मी तीच वापरली. ती त्याला दाखवायची होती.

बहरीनला उतरल्यावर तपासणीवरच्या तरुण अधिकाऱ्याने डबी उघडून विचारलं, हे काय? मी अभिमानाने सांगितलं, क्रिस्टल. त्याचा चेहरा बदलला आणि त्याने दुसऱ्याला हाक मारली. क्रिस्टल हे एका अमली पदार्थाचंही नाव, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा चार माणसं जमली होती. मग निमंत्रणपत्र, ग्राफ, कॉलेजचं ओळखपत्र, सगळं बाहेर निघालं. शेवटी त्यातल्या वयस्क अधिकाऱ्याने ग्राफ उलटसुलट करून पाहिला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि मला जाऊ दिलं. त्या ग्राफकडे इतकं निरखून गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नसेल.

हूरा

हॉटेल राजधानी मनामाच्या हूरा भागात होतं. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत एसी असा की अंगावर शाल घेऊन बसावं लागलं. जन्मभर द्रवरूप हेलियमशी खेळलेली बाई बहरीनमध्ये कुडकुडते आहे, हे मला स्वतःलाच हसू आणणारं होतं. हसायला बरोबर कुणी नव्हतं, एवढंच.

पहिला दिवस शुक्रवार. तिथे तो सुट्टीचा वार, मी मोकळी. नाश्त्याला बलालीत नावाचा पदार्थ होता. वेलची-केशर घातलेल्या गोड शेवया आणि त्यांच्यावर चक्क आम्लेट. आपल्याकडे शेवयांच्या खिरीवर कुणी अंडं ठेवलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. मी आधी अंडं बाजूला काढून खाल्लं, मग शेवया खाल्ल्या, आणि शेवटचे दोन घास एकत्र खाऊन पाहिले. चांगले लागले. शेजारच्या टेबलावर एक मोठं कुटुंब होतं. आजोबा नातवाच्या ताटातलं आम्लेट पळवत होते आणि नातू ओरडत होता. मी चहा थंड होईपर्यंत तिथेच बसले.

हूऱ्यात कोपऱ्याकोपऱ्यावर कोल्ड स्टोअर अशा पाट्या आहेत. मला वाटलं, शीतगृहं असतील, धंद्याने मला आस्था. आत गेले तर ते आपलं वाण्याचं दुकान निघालं. पाव, दूध, साबण, केरळचे केळ्याचे वेफर्स. दुकानदाराने हिंदीत विचारलं, नवीन आलात का, कुठे कामाला आहात? पाहुणी आहे म्हटलं. कुणाकडे? हॉटेलात, असं सांगून मी वेफर्सचा पुडा घेतला आणि बाहेर पडले.

मनामाचा सूक

संध्याकाळी ऊन उतरल्यावर जुन्या बाजारात, सूकमध्ये गेले. तुळशीबागेत हरवलेला माणूस तिथे हरवणार नाही, गल्ल्यांची बुद्धी तीच. अत्तरं, मसाले, बुरखे, खजूर, आणि मग एकदम सोनं. काचेमागे हार असे टांगलेले की डोळे दिपावेत.

तिथे एका दुकानातला सेल्समन वसईचा निघाला. माझी मराठी ऐकून त्याने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. बोलता बोलता मी त्याला सांगितलं की सोनं पिवळं दिसतं त्याला कारण सापेक्षता. सोन्याचा अणू इतका जड की त्याच्या अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळतात. त्याने अणूची आतली घडीच बदलते, सोनं निळा प्रकाश गिळतं आणि पिवळं दिसतं. हे नसतं तर सोनं चांदीसारखं पांढरं दिसलं असतं. तो अदबीने ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मॅडम, मग धंदा बसला असता." आणि कुणासाठी घ्यायचंय, मुलगी की सून, असं विचारून त्याने बांगड्यांचा ट्रे पुढे केला. कुणीच नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्याने ट्रे लगेच आत ठेवला नाही. तो भला माणूस होता. मी मात्र तिथून घाईने उठले.

नजीरचं घर

शनिवारी नजीरने जेवायला बोलावलं होतं. त्याचं घर हॉटेलपासून चालत दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तर केस पांढरे, चष्मा जाड, पण उभं राहण्याची तऱ्हा तीच, एका पायावर भार टाकून. मग तो म्हणाला, आत ये, एसी पळून जातोय.

त्याने सांदणं केली होती आणि हमूर माशाचं सालन. सांदणं जरा घट्ट झाली होती, तेही त्यानेच सांगितलं. मी घरभर पाहिलं. सगळं जागच्या जागी, आणि एकट्या माणसाच्या घरात असतं तसं एका ताटाएवढं. माझ्या घरात मी रोज हेच पाहते, तरी माझ्या लक्षात आलं नाही. त्याची बायको दिसली नाही म्हणून मी विचारलं, "रेहाना गावाला गेलीय का?"

नजीर ताटात वाढत होता. त्याने वाढणं पुरं केलं.

"तीन वर्षं झाली तिला जाऊन," तो म्हणाला. "मी लिहिलं होतं तुला."

मला काहीच आठवेना. मी काहीतरी पुटपुटले. त्याने "जेव तू, निवतंय," म्हणून विषय संपवला. नंतर मी अवघडलेपण घालवायला डबी काढली आणि चिमटी त्याच्या हातावर ठेवली. मला वाटलं होतं तो खुलेल. त्याने ती बोटांत फिरवली, वाकवलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवून कितीतरी वेळ बघत राहिला. मग एवढंच म्हणाला की उद्या दुपारी माझ्या वर्कशॉपला ये, भाषणाच्या आधी ये, आणि ही घेऊन ये.

हॉटेलवर येऊन मी फोनमध्ये जुने मेल शोधले. सापडला. भट्टीचं तापमान कसं उतरवायचं हे मी त्याला विचारलं होतं. त्याने चार ओळींत व्यवस्थित उत्तर दिलं होतं आणि पाचव्या ओळीत लिहिलं होतं, मागच्या गुरुवारी रेहाना वारली, म्हणून उत्तराला उशीर झाला. माझं उत्तर त्याच्याच खाली होतं. थँक्यू, तापमान अगदी जुळलं, नवा ग्राफ जोडते आहे.

मी पहिल्या चार ओळी वाचल्या होत्या आणि भट्टीकडे पळाले होते. मला स्वतःची इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. तशीच शाल गुंडाळून बसून राहिले.

मीना सलमान

रविवार तिथे कामाचा दिवस. कार्यशाळेचं दुपारचं सत्र चुकवून टॅक्सीने मीना सलमान बंदराकडे गेले. गोदामं, क्रेन, समुद्राचा खारट वास, डिझेलचा वास. दवाखान्यांतल्या एमआरआय यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत नजीर आहे. त्या यंत्रांतही अतिवाहक चुंबकच असतात, म्हणजे शिक्षण सोडलं तरी विषय काही सुटला नाही. वर्कशॉपमध्ये हेलियमच्या टाक्या रांगेने उभ्या होत्या. सहकाऱ्यांना त्याने "यल्ला, चाय पी के आओ," म्हणून बाहेर पाठवलं.

मग त्याने चिमटीला दोरा बांधला आणि टेबलाच्या दिव्यावरून ती लोंबती सोडली. खणातून एक नाण्याएवढा, पण जबरदस्त चुंबक काढला. तो चिमटीच्या सपाट बाजूजवळ नेला. काही झालं नाही. मग वाकवलेल्या कोपऱ्याजवळ नेला. चिमटी हळूच वळली आणि कोपरा चुंबकाकडे करून थांबली.

मी त्याच्या हातातून चुंबक घेतला आणि स्वतः करून पाहिलं. दोनदा, तीनदा. दर वेळी कोपरा वळला.

नजीरने सांगितलं ते थोडक्यात असं. हे स्टील सपाट असतं तोवर चुंबकाला दाद देत नाही. पण न तापवता, थंडच्या थंड वाकवलं की वाकलेल्या जागी त्याची आतली रचना बदलते आणि तेवढाच भाग चुंबकाला धरू लागतो. आम्ही बोहरी आळीत चुंबक लावून पाहिला तो पट्टीला. वाकवल्यावर पुन्हा लावून पाहायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. भांडं तपासायची रीत आम्ही घरून आणली होती, आणि घरी भांडं विकत घेतल्यावर कुणी वाकवत नाही.

मी म्हटलं, पण नजीर, खूण तर नेमकी स्फटिक अतिवाहक होतो त्याच तापमानाला उमटते. चिमटीचं असतं तर आधीपासून दिसलं असतं. हे बोलता बोलताच मला उत्तर कळलं. चिमटीचं ते मंद चुंबकत्व आधीपासून तिथे होतंच. स्फटिक अतिवाहक झाला की तो ते ढकलतो, काही अडकवून ठेवतो, आणि म्हणून बदल त्याच घडीला दिसतो. स्फटिकात काही उगवत नव्हतं. निदान ते उगवतं असं म्हणायला माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. सगळी मोजमापं या चिमटीतली होती.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"अकरा वर्षं झाली. इथे सामान टांगायला एक आकडा वाकवून घेतला होता, बिनचुंबकी स्टीलचा. तो मशीनने खेचला. माणूस कुणी मध्ये नव्हता, अल्लाची मेहेरबानी. घरी येईपर्यंत चिमटी डोळ्यांसमोर होती."

"आणि मला सांगितलं नाहीस."

तो स्टुलावर बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. "रेहाना म्हणायची, सांगून टाक. पण तू वर्षाला दोन-तीनदा लिहायचीस, सुनंदा, आणि प्रत्येक पत्र त्या चिमटीचं. चिमटीच खलास झाली तर तू मला कशाला लिहिशील?"

मला राग आला होता. अकरा वर्षं या माणसाने मला खोट्यावर चालू दिलं. तो राग मी बोलून दाखवला, बराच वेळ आणि मोठ्या आवाजात, आणि त्याने ऐकून घेतलं.

मग आत्ता का सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाला, मोठ्या लॅबची माणसं आठवड्यात पकडतील. त्यांनी सांगण्यापेक्षा तू सांगितलेलं बरं. नाव तुझं आहे.

भाषण

सोमवारी सकाळी माझं भाषण होतं, पंचवीस मिनिटांचं. नवं काही करायला वेळ नव्हता. मी जुनेच ग्राफ दाखवले, सगळे, पहिल्यापासून. मग चिमटी दाखवली आणि काल दोऱ्याला बांधून काय पाहिलं ते सांगितलं. शेवटच्या रांगेत बसलेला नजीर मला दिसत होता. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो आला होता, कंपनीचं कार्ड गळ्यातच होतं. चिमटी कुणी केली असं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. वाकवली त्याने, पण वापरली मी. स्फटिक कुणी केले ते मात्र मी सांगितलं, त्याचं पूर्ण नाव घेऊन.

अध्यक्ष बहरीनच्याच एक प्राध्यापक होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, यातली किती मोजमापं या चिमटीतली आहेत?

"सगळी," मी म्हणाले.

टाळ्या झाल्या, अडखळत झाल्या. चहाच्या वेळी लोक माझ्याशी फार सभ्यपणे वागले. आजाऱ्याच्या खोलीत वागतात तसे. परदेशी मंडळींपैकी एकाने दोन स्फटिक मागून घेतले आणि चिमटीशिवाय मोजून बघू म्हणाला. मनापासून म्हणाला की रीत म्हणून, कळलं नाही. मग सगळे आपापल्या घोळक्यात गेले. मी कप घेऊन खिडकीशी उभी राहिले. खाली गाड्या उन्हात चकाकत होत्या. इतकी माणसं असलेल्या खोलीत मला कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मुहर्रकच्या वाटेवर

मंगळवारी नजीरने मला विमानतळावर सोडलं. मनामाहून पूल ओलांडला की मुहर्रक, वाट काही लांबची नाही. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "रेहानाचं सांग."

त्याने आधी आजाराचं सांगितलं, डॉक्टरांचं, औषधांचं. मग त्याला वेग आला. तिला मासळी बाजारात घासाघीस करायला किती आवडायचं, इथल्या बायकांकडून ती अरबी कशी शिकली, शेवटच्या महिन्यात तिला श्रीवर्धनची सुपारी हवी होती आणि ती पोचायला चार दिवस उशीर झाला. मुलगा कॅनडात. तो फोनवर इंग्रजीत बोलतो, त्याच्याशी हे बोलता येत नाही. विमानतळ आला तरी तो थांबला नाही. पार्किंगमध्ये गाडी लावून, इंजिन चालू ठेवून बोलत राहिला. मी ऐकत होते. त्याच्या बोलण्यातून पुढे पळायची मला पहिल्यांदाच घाई नव्हती.

उतरताना त्याने माझी बॅग काढून दिली. "आता ग्राफ नाही," तो म्हणाला. "आता काय लिहिशील मला?"

"माहीत नाही."

"मफी मुश्किल, काही बिघडत नाही. तेच लिही."

पुणे

परत येऊन महिना झाला. कॉलेजने काचेचा नवा धारक घ्यायला परवानगी दिली, आणि गेल्या आठवड्यात मी उरलेल्या चारांपैकी एक स्फटिक त्यात ठेवून थंड केला. अतिवाहक झाला, अगदी वेळेवर. चुंबकत्वाची रेष सपाट राहिली. मी तीन वेळा करून पाहिलं. मग यंत्र बंद केलं आणि घरी आले.

आज सकाळी नजीरला मेल लिहायला बसले. पहिला तास तारखेपुढे काही सुचेना. इतक्या वर्षांत त्याला ग्राफाशिवाय काही लिहिलंच नव्हतं, सवय नाही. शेवटी लिहिलं, वाचून पाहिलं नाही, तसंच पाठवून दिलं.

"नजीर, रेष सपाट आली. आज रविवार आहे आणि सकाळपासून मी कुणाशी एक शब्द बोललेली नाही. तू जेवलास का?"